दंतकथेत न मावणारा नाइल

खेळाडूची दंतकथा रचायला आम्हा लिहिणाऱ्यांना फारसं भांडवल लागत नाही. एक रडका संघ, एक झळाळता मोसम आणि अकाली मृत्यू, एवढं पुरतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या नाइल किनिककडे हे तिन्ही होतं. तरी त्याची गोष्ट सांगायला घेतली की ती दंतकथेबाहेर निसटते, आणि म्हणूनच मला ती भावते.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून धावण्याचा अमेरिकी खेळ. १९३७ आणि १९३८ या दोन मोसमांत मिळून आयोवानं जेमतेम दोन सामने जिंकले होते. १९३९ मध्ये पेशानं डॉक्टर असलेले एडी अँडरसन प्रशिक्षक म्हणून आले. भरवशाचे गडी मोजके, त्यामुळे चढाईला तेच आणि बचावालाही तेच. लोक त्यांना ‘आयर्नमेन’ म्हणू लागले. त्यात बेताच्या उंचीचा किनिक धावायचा, पास द्यायचा, किक मारायचा, वर समोरच्याला आडवंही करायचा. बलाढ्य नोत्र दाम ७-६ असा हरला, तेव्हा आयोवाचे सातही गुण त्याचेच होते. मोसमातल्या संघाच्या १३० गुणांपैकी १०७ गुणांत त्याचा हात होता. सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइजमन करंडक त्याच्याकडे चालत आला.

युरोपात तेव्हा युद्ध पेटलं होतं. करंडक घेताना हा २१ वर्षांचा मुलगा म्हणाला की, आपली झुंज अमेरिकेतल्या मैदानांवर झाली, युरोपच्या रणभूमीवर नाही, याबद्दल तो देवाचा आभारी आहे. खेळाला युद्ध म्हणणाऱ्यांची आजही वाण नाही. या दोहोंतलं अंतर भर सत्कारात सांगणारा विजेता विरळाच.

व्यावसायिक फुटबॉलचं बोलावणं आलं, तर यानं कायद्याच्या वर्गाची वाट धरली. आजोबा आयोवाचे गव्हर्नर होते. नातूही राजकारणात जाईल, असं अनेकांना वाटे. पण युद्ध दाराशी आल्याचं दिसताच तो आपणहून नौदलाच्या हवाई राखीव दलात दाखल झाला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या तीनच दिवस आधी त्याची सेवा सुरू झाली. त्याला युद्धाची हौस नव्हती, पण ते दुसऱ्यावर ढकलून मोकळं होणंही त्याला जमलं नाही.

मृत्यूही शौर्यकथेला साजेसा नव्हता. २ जून १९४३ रोजी व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रावर, लेक्सिंग्टन या विमानवाहू नौकेवरून सरावासाठी उडालेल्या त्याच्या विमानातून तेल गळू लागलं. त्यानं विमान पाण्यात उतरवलं. बचाव नौका काही मिनिटांतच पोहोचली, पण तो सापडला नाही. समोर शत्रू नव्हताच. वय २४. पुढच्या वर्षी वैमानिक असलेला धाकटा भाऊ बेनही युद्धात मारला गेला.

१९४५ मध्ये विद्यापीठाच्या स्टेडियमला नाइलचं नाव द्यायची मागणी झाली. दोन मुलं गमावलेल्या वडिलांनी ती मानली नाही. इतक्या जणांची मुलं गेली असताना एकट्या आपल्याच मुलाचं नाव वेगळं काढणं त्यांना पटेना. अखेर १९७२ मध्ये एका क्रीडा संपादकानं विषय पुन्हा लावून धरला, वडीलही राजी झाले आणि ‘किनिक स्टेडियम’ झालं.

नाव दिलं ते योग्यच झालं. पण नाइलला रणवीर करून टाकायची हौस आली की मी त्याचं ते भाषण आणि वडिलांचा तो नकार शेजारी ठेवतो. खेळात जिंकलेल्यानं युद्धाचा गौरव केला नाही, आणि युद्धात सर्वस्व गेलेल्यानं आपल्या दुःखाला खास जागा मागितली नाही. बापलेकांच्या या समंजसपणापुढे १०७ गुणांचा हिशेब मला किरकोळ वाटतो.