बेअरिंग गेले, गाडी नव्हे

वाचकहो, गेल्या मे महिन्यात आम्ही चार दिवस बहिणीकडे वालूरला गेलो होतो. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातले हे गाव. दुपारी ऊन असे की कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. अशा वेळी अंगणातून खडखड, किरकिर असा आवाज येऊ लागला. बाहेर येऊन पाहतो तो आमचा भाचा रिमोटच्या ट्रकमागे धावतो आहे आणि ट्रक लंगड्या बैलासारखा एका अंगाला ओढतो आहे.

हा ट्रक साधा खेळण्यातला नव्हे. हातभर लांब, मोठ्या रबरी चाकांचा, बॅटरीवर जोरात पळणारा. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने दोन वर्षे वापरला, खडखडू लागला तसा भाच्याला देऊन टाकला. वालूरच्या फुफाट्यात पंधरा दिवस फिरल्यावर पुढचे डावे चाक जवळजवळ जाम झाले. दाजींनी तो तालुक्याला नेऊन एका दुकानदाराला दाखवला होता. त्याने हातही न लावता सांगितले, "याचं काही मिळत नाही. नवीन घ्या." घरी आजी म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाका, कटकट मिटंल." भाचा रडवेला झाला.

आमची भाची तेव्हा दहावीच्या निकालाची वाट पाहत होती. ती म्हणाली, "मामा, मोटर तर चांगली चालती. चाकातच काहीतरी आहे. खोलून बघू का?" आजी लगेच बोलली, "पोरीच्या जातीला पान्हं-पेचकस काय करायचं गं?" भाची गप्प झाली. आम्हीही क्षणभर गप्पच होतो, हे कबूल करतो. मग दाजींच्या ट्रॅक्टरची पान्ह्यांची पेटी आम्हीच उचलून तिच्यापुढे ठेवली.

आधी रोग ओळखायला हवा. आम्ही बॅटरी काढून ठेवली. ही पहिली पायरी कोणी चुकवू नये, कारण हात चाकात असताना मोटर फिरली तर बोट सापडते. मग भाचीने ट्रक उचलून एकेक चाक बोटाने फिरवले. मागची दोन्ही चाके बराच वेळ गरगरत राहिली. पुढचे उजवे थोडे फिरून थांबले. डावे मात्र अर्धा फेराही घेईना आणि फिरवताना आत वाळू दळल्यासारखे बोटाला लागे. चाक वर-खाली हलवले तर लटलट हलत होते. हीच बेअरिंग गेल्याची खूण. रिमोट कितीही चांगला असो, हुकूम मोटरपर्यंत पोचतो, पण चाकच फिरायला तयार नसेल तर काय उपयोग? तारेवाचून दुरून यंत्र चालवण्याची विद्या निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एका लहान बोटीवर दाखवली होती. चाकाच्या घर्षणाचा प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे.

तो आजीला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होता. लाकडी बैलगाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे आणि वंगण संपले की गाडी शिवारापासून गावापर्यंत कुरकुरत येई. तिथे कण्यावर चाक घासत फिरते. वंगण घासणे कमी करते, थांबवत नाही. भरलेले पोते जमिनीवरून ओढून पाहा आणि मग त्याखाली चार गोल दांडकी घालून ढकलून पाहा. घासणे आणि घरंगळणे यांतला फरक हातांना लगेच कळतो. बेअरिंग म्हणजे तेच. एक आतली कडी, एक बाहेरची कडी आणि दोहोंच्या मध्ये पोलादी छर्रे. सायकलच्या चाकातले छर्रे आपण सर्वांनी पाहिले आहेत. टायरच्या बैलगाडीतही बेअरिंगच असते, म्हणून ती बैलांना हलकी जाते.

वेल्समधल्या फिलिप व्हॉन यांनी १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. १८६९ साली पॅरिस ते रुआँ ही सायकल शर्यत जेम्स मूर यांनी जिंकली, त्यांच्या सायकलीला छर्ऱ्यांची बेअरिंग होती. आपल्या देशात जयपूरला १९४६ साली स्थापन झालेल्या कंपनीने १९५० साली पहिले बेअरिंग काढले आणि पुढे १९६०च्या दशकात आपल्या चिंचवडलाही बेअरिंगचा कारखाना उभा राहिला. पंखा, पाण्याची मोटर, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, सगळे याच छर्ऱ्यांवर फिरते.

आता मूळ कामाकडे येऊ. भाचीने अंगणात जुने धोतर अंथरले आणि शेजारी स्टीलचे ताट ठेवले. चाकाचा नट काढला, चाक ओढले. आतल्या षटकोनी तुकड्यामागून सुईएवढी एक पिन टपकन धोतरावर पडली. धोतर नसते तर ती मातीत गेली असती आणि सगळे काम तिथेच अडले असते. काढलेली प्रत्येक वस्तू तिने काढल्या क्रमाने ताटात मांडली. आम्ही ऑफिसात व्हाउचर लावतो तशी! जोडताना त्याच ओळीने उलटे यायचे.

चाकाच्या घरात दोन बाजूंना दोन बेअरिंग होती. बारीक पेचकस पलीकडच्या बाजूने आत घालून, कडीच्या चारी बाजूंना थोडे थोडे ठोकत तिने ती बाहेर काढली. एकाच बाजूला ठोकले तर बेअरिंग तिरके अडकते. डाव्या चाकातल्या एकाचा पत्र्याचा पडदा फाटून आत माती गेली होती. चाक धुताना भाच्याने पाणी मारले होते, त्याने गंजही चढला होता. डिझेलमध्ये धुऊन पाहिले. माती गेली, पण खरखर गेली नाही. छर्ऱ्यांच्या वाटेला खड्डे पडले की धुऊन उपयोग नसतो. ते बदलायलाच लागते.

दुकानदार म्हणाला होता, याचं काही मिळत नाही. खरी गोष्ट अशी की बेअरिंग गाडीच्या नावाने नव्हे, मापाने मिळते. तीन मापे लागतात: आतले भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी. शाळेच्या सरांकडून व्हर्नियर कॅलिपर मागून आणले. प्रयोगवहीत कोरडे आकडे लिहिण्यापलीकडे त्याचा उपयोग भाचीने प्रथमच केला. माप निघाले ५, ११ आणि ४ मिलिमीटर. मागच्या चाकात एक मोठे होते, ते १०, १५, ४. लहानाचा नंबर एम.आर. ११५, म्हणजे बाहेरून ११ आणि भोक ५. नंबरातच माप लिहिलेले! पंख्यात-मोटरीत येणाऱ्या बेअरिंगचेही तसेच. ६२०२ मधले शेवटचे ०२ म्हणजे भोक १५ मिलिमीटर, ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे शेवटच्या आकड्याला ५ ने गुणायचे, म्हणजे ६२०४ चे भोक २०. हा हिशेब कळला की दुकानात आपल्याला कोणी फिरवू शकत नाही. नंबरापुढे झेड.झेड. असेल तर पत्र्याचे पडदे, आर.एस. असेल तर रबराचे. रबराचे किंचित जड फिरते, पण धूळ-पाणी आत कमी जाते. वालूरच्या मातीला रबरच बरे. पुढच्या दोन चाकांची मिळून चार बेअरिंग पुण्याहून कुरिअरने मागवली. तीनशे रुपयांच्या आत काम झाले.

आणि इथे आमची फजिती झाली. बेअरिंग आल्यावर आम्ही मामेपणाच्या तोऱ्यात म्हणालो, "सर, आता मी बसवतो." चाकाच्या घरावर बेअरिंग ठेवले, मधल्या कडीवर पेचकसाची मूठ टेकवली आणि हातोडीने दोन ठोके दिले. बसले. बोटाने फिरवले तर नव्या बेअरिंगमध्ये तीच खरखर! भाचीने ते हातात घेऊन निरखले आणि हळूच म्हणाली, "मामा, घट्ट बाहेरची कडी बसती ना? मग ठोका तिच्यावरच पाहिजे. तुम्ही आतल्या कडीवर मारलं, म्हणून सगळा मार छर्ऱ्यांवर गेला." तिचे बरोबर होते. जी कडी घट्ट बसते, जोर तिच्यावरच द्यायचा, हा बेअरिंगच्या कामाचा मुख्य नियम आहे. तो तिला कोणी शिकवला नव्हता. तिने डोळ्यांनी पाहून काढला होता. बी.कॉम. होऊन वीस वर्षे खाती जुळवणाऱ्या माणसाला हे सुचले नाही.

उरलेली तीन तिने बसवली. जुने बेअरिंग नव्यावर सरळ ठेवायचे, म्हणजे जोर बाहेरच्या कडीवर सारखा पडतो, आणि हातोडी न वापरता दोन फळ्यांमध्ये धरून सावकाश दाबायचे. आम्ही मारलेल्या चौथ्याच्या जागी पुढच्या उजव्या चाकातले त्यातल्या त्यात बरे जुने डिझेलने धुऊन, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून बसवले. दाजी कौतुकाने ट्रॅक्टरचे ग्रीस घेऊन आले होते. ते मात्र नको म्हणालो. एवढ्याशा बेअरिंगला ते दाट ग्रीस जड पडते आणि बाहेर लागले की सगळी धूळ त्यालाच चिकटते. नट फार आवळला नाही. चाक मोकळे फिरावे पण लटलटू नये, इतकाच.

संध्याकाळी विहारासमोरच्या सिमेंटच्या जागेत ट्रक सोडला. खडखड नाही, किरकिर नाही. वस्तीतली सगळी पोरे मागे धावली. भाचा ओरडून सांगत होता, "माझ्या ताईनं नीट केला!" आजी ओट्यावरून पाहत होती. बोलली काहीच नाही.

या गावाला वस्तू नीट करण्याची गोष्ट नवी नाही. इथे चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. कैक वर्षे ती गाळ-कचऱ्याने भरलेली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनीच ती उपसून मोकळी केली आणि आज बाहेरगावची माणसे ती पाहायला येतात. बारव तीच होती, आत उतरून पाहणारे हात तेवढे मिळाले.

रात्री जेवताना आम्ही विषय काढला. दाजींच्या मनात भाचीला जवळच्या कॉलेजात आर्ट्‌सला घालायचे होते आणि एक स्थळही कोणी सुचवले होते. आम्ही म्हणालो, "दाजी, आय.टी.आय.ला फिटरचा कोर्स दोन वर्षांचा असतो. आज हिने जे केलं, मापं घेणं, खोलणं, बसवणं, तेच तिथे पद्धतशीर शिकवतात. आधी हिला विचारा." दाजी म्हणाले, "लोकं काय म्हणतील, पोरगी फिटर?" बहीण आमच्याआधी बोलली, "लोकायच्या मोटरी बंद पडल्या की लोकंच येतील हिच्याकडं." भाचीला विचारले. ती ताटाकडे पाहत म्हणाली, "मला जायचंय."

निकाल लागला, भाची पास झाली. अर्ज भरायला दाजी स्वतः तिच्याबरोबर गेले. यादीत नाव लागले की नाही ते हा मजकूर लिहीपर्यंत कळलेले नाही. स्थळ मात्र तूर्त मागे पडले आहे.

वाचकहो, आपल्या घरातही अशी खडखडणारी एखादी वस्तू असेल. भंगारवाला दारात येण्याआधी बॅटरी काढा, प्लग काढा, कापड अंथरा आणि घरातल्या मुलीच्या हाती पाना द्या. ठोका चुकला तर एक बेअरिंग वाया जाईल. आमचेही गेलेच की! ते आम्ही ऑफिसच्या टेबलावर ठेवले आहे. कागद उडू नयेत म्हणून त्याचा काही उपयोग नाही, फारच हलके आहे. पण अधूनमधून बोटाने फिरवून पाहतो.