आठवड्याची गोळी

"अगं, ते तर कॅन्सरचं औषध ना?" हे वाक्य गेल्या आठ वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मंडळी, हो. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्येही देतात. पण तिथला डोस कितीतरी पटींनी मोठा, कधीकधी तर ग्रॅमच्या हिशेबात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला, म्हणजे घरात ज्याला आपण आमवात म्हणतो त्याला, आठवड्यातून एकदा साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. माझा १५. अडीचच्या सहा पिटुकल्या गोळ्या, रविवारी रात्री जेवणानंतर. स्वतःच्याच सांध्यांवर उठलेल्या प्रतिकारशक्तीला ताळ्यावर आणायचं, एवढंच तिचं काम. गुण यायलाही दीड-दोन महिने सहज लागतात.

गंमत म्हणजे या औषधामागे आपल्याच देशातला एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं आणि मग त्याच्या विरोधात काम करणारी औषधंही. मेथोट्रेक्सेट त्यातलंच. १९४८ साली सुब्बाराव गेले. अमेरिकेत आमवातासाठी या औषधाला मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. आज मी रविवारी मेथोट्रेक्सेट घेते आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही त्यांचीच देणगी!

असो. माझं म्हणणं असं, की आपण भितो ते चुकीच्या गोष्टीला. नावाला भितो, आणि 'आठवड्यातून एकदा' या शब्दांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं. हेच औषध कुणी रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी तयार होणं थांबतं, माणसं दगावलीही आहेत. आपल्या घरात सगळ्या गोळ्या रोजच्या. बीपीची रोज, थायरॉइडची रोज, साखरेची रोज. मग ही तरी वेगळी कशी वाटेल? त्यात चिठ्ठी इंग्रजीत. एकदा आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टने सवयीने पाकिटावर '१-०-१' लिहून दिलं होतं. मला माहीत होतं म्हणून हसून घरी आले. सासूबाईंच्या वयाची बाई असती तर?

२०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांच्या खोक्यावर ठळक सूचना आणि रुग्णाजवळ एक कार्ड असावं असं सुचवलं, कारण तिथेही लोक चुकून रोज घेत होते. आपल्या डॉक्टरांनी निदान चिठ्ठीवर मराठीत 'फक्त रविवारी' एवढं लिहावं. दोन शब्द. यात खर्च तो काय?

बाकी पथ्यं आहेतच. ठरल्या वेळी रक्ताच्या, यकृताच्या, किडनीच्या तपासण्या. दारू नको. ताप आला किंवा कोरडा खोकला सुटला तर अंगावर न काढता डॉक्टरांना फोन. काही अँटिबायोटिक्सशी याचं अजिबात जमत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की आधी या गोळीचं नाव सांगायचं. आणि मूल हवं असणाऱ्या मुलींनी तर आधीच बोलायचं, दिवस राहिल्यावर नव्हे.

पण त्रास होईल म्हणून मनानेच बंद करणं? ज्यांनी मला हा सल्ला दिला त्यातल्या कितीतरी जणांनी माझ्या आजीचे हात पाहिलेत. करंगळीकडे झुकलेली बोटं, तळव्याच्या टाचेने थापलेली भाकरी. तिच्या नशिबी हे औषध नव्हतं. वाकडी झालेली बोटं गोळीने सरळ होत नाहीत, ती वाकायच्या आतच काय ते करावं लागतं.

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आज पाकीट उलटून बघा, वर काय लिहिलंय ते. आणि मामी, तुमचं तेल पोचलं. रात्री लावते, बरं वाटतं. गोळी मात्र चालू आहे.