तुटीवर तूट

वैशाखातल्या लग्नाला आठ आठवडे उरले होते. आमच्या नात्यातल्या एका मुलीने मोबाइलवर वय, उंची, वजन भरलं आणि उत्तर आलं, वजन उतरवायचं तर दिवसाला १२०० कॅलरी. पुढचा हिशेब तिने स्वतःच केला. १२०० वर वजन उतरणार असेल तर ८०० वर आणखी लवकर उतरेल. सकाळी कोरा चहा, दुपारी तांदळाची एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री काकडी-टोमॅटो. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले, घरात कौतुक झालं. चौथ्या आठवड्यात पोलादपूरहून महाडला कॉलेजला येताना एसटीत उभ्या उभ्या तिला भोवळ आली.

मोठ्यांनी तिला फैलावर घेतलं. आजीच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. आषाढात कणगीचा तळ दिसायचा, पेजेत शितं शोधावी लागायची, ते दिवस तिने काढलेले. घरात भरपूर असताना नात पोटाला चिमटा काढते, हे तिला सोसवेना. मला मात्र दोघींचंही पटत होतं. आजीचं दुःख खरं होतं आणि नातीचा प्रश्नही रास्त होता. कमी खाल्ल्याने वजन उतरतं, मग त्याहून कमी खाल्लं तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न आता एका घरापुरता राहिलेला नाही. एमआयडीसीत पाळीवर बसून काम करणारी मुलं, दारात दुचाकी आल्यापासून चालणं सुटलेली माणसं, तीस वर्षं मुंबईत नोकरी करून साखर आणि रक्तदाब सोबत घेऊन गावी परतलेले चाकरमानी, बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरत नाही म्हणून कष्टी झालेल्या बायका, सगळे तो विचारतात. त्यांची गरज खरी आहे. भारतीयांच्या बाबतीत डॉक्टर बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध करतात आणि २५ च्या पुढे त्याला लठ्ठपणा म्हणतात. युरोपीय माणसासाठी हेच आकडे २५ आणि ३० आहेत. तेव्हा वजनाची काळजी करणाऱ्याला ‘ही सगळी फॅशन’ म्हणून उडवून लावणं अन्यायाचं होईल.

आधी घाईची बाजू पाहू. ती वाटते तितकी लंगडी नाही.

हळूहळू उतरवलेलं वजन टिकतं आणि झटपट उतरवलेलं परत येतं, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. मेलबर्नमध्ये सुमारे २०० लठ्ठ माणसांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. एका गटाने अत्यंत कमी कॅलरींवर १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने रोज चार-पाचशे कॅलरी कमी खाऊन ३६ आठवड्यांत. ठरलेलं वजन गाठण्यात घाईचा गट पुढे राहिला, ८१ टक्के विरुद्ध ५० टक्के. पुढच्या जवळपास तीन वर्षांत दोन्ही गटांचं उतरलेलं वजन सारख्याच प्रमाणात परत आलं, सुमारे ७१ टक्के. म्हणजे संथपणाने टिकाऊपणा आला नाही. लवकर फरक दिसला की माणसाचा हुरूप टिकतो, हे तर व्यायामशाळेतला कोणीही सांगेल.

त्याहून मोठा दाखला मधुमेहाचा. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत मधुमेहींना तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरींवर ठेवलं गेलं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष आले. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय ताब्यात होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्याच्या घरात बापाचा पाय साखरेपायी कापावा लागला आहे, त्याने हे वाचल्यावर घाई का करू नये?

मोजणीचाही एक मुद्दा आहे. आपण खातो त्याहून कमी लिहितो. भाजीतलं तेल, आमटीत घातलेलं ओलं खोबरं, दुपारच्या चहाबरोबरचं खारी-बटर, लहान पोराच्या ताटात उरलेला घास, यातलं काहीच मोबाइलवर चढत नाही. एक चमचा तेल म्हणजे चाळीसेक कॅलरी, आणि कढईत चमचा मोजून तेल ओतणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. त्यामुळे ‘लक्ष्याच्या थोडं खालीच राहावं, चूकभूल त्यात जाते’ असं कोणी म्हटलं तर ते मला शहाणपणाचंच वाटतं. शे-दीडशे कॅलरींची ही सावधगिरी मी दोषात धरत नाही. प्रश्न आहे तो चारशे-पाचशेंच्या जादा कपातीचा.

इथे माझं मन वळतं. मोबाइलवर आलेला १२०० चा आकडा गरजेचा आकडा नव्हताच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या तक्त्यात ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० कॅलरी आहे. १२०० सांगतानाच मोबाइलने त्यातून साडेचारशे वजा केल्या होत्या. वजन उतरवणारी तूट तीच. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा एवढ्या तुटीत आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. आमच्या मुलीने ती तूट ठाऊक नसताना तिच्यावर दुसरी तूट चढवली. याच संस्थेची २०२४ ची आहारविषयक मार्गदर्शिका आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानते आणि वजन उतरवण्याचा आहारही दिवसाला १००० कॅलरींच्या खाली जाऊ नये असं सांगते.

पण मग स्कॉटलंडमधल्या माणसांना ८५० कॅलरी कशा चालल्या? आकडा जवळपास सारखाच असला तरी ताट निराळं होतं. त्यांना जेवणाऐवजी दिलेल्या पेयांत दिवसाची प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले होते. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, कारण इतक्या कमी खाण्यावर त्या चालू ठेवणं धोक्याचं. परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ नियमित पाहत होते आणि नेहमीचं अन्न हळूहळू परत आणण्याचे आठवडेही ठरलेले होते. ती माणसंही चांगलीच स्थूल होती, २७ च्या खाली बीएमआय असलेल्यांना घेतलेलंच नव्हतं. आमच्या मुलीचा बीएमआय २४ होता.

आता आपलं ताट पाहा. तांदळाच्या दोन भाकऱ्या, मूठभर भात, वाटीभर पातळ आमटी, भाजी, दोन चहा. कॅलरी आठशेच्या घरात जातात आणि प्रथिनं जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम भरतात. ५५ किलोच्या बाईला ती साधारण ४५ ग्रॅम लागतात. भाताच्या मुलखात ताट निम्मं केलं की आधीच तोकडी असलेली प्रथिनं निम्मी होतात. शरीर मग चरबीबरोबर स्नायूही जाळतं. पहिल्या आठवड्यात गेलेल्या दोन किलोंत बरंचसं पाणीच असतं, हे वजनकाटा सांगत नाही. पुढच्या किलोंत स्नायू किती आणि चरबी किती, हेही तो सांगत नाही.

आपल्या लोकांना स्नायू गमावणं परवडत नाही, आणि हे पुण्यातल्याच संशोधनातून पुढे आलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचं वर्णन ‘बारीक पण चरबीदार’ असं केलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतली नवजात बाळंही इंग्रज बाळांहून वजनाने बरीच कमी, तरी चरबीत त्या मानाने मागे नव्हती. आपल्या शरीरात साखर रिचवायला स्नायू मुळातच थोडे आहेत. उपासमारीने तेच झिजवायचे आणि वजन परत आलं की चरबी भरायची, असं दोन-तीनदा झालं तर काट्यावरचा आकडा पूर्वीचाच राहील आणि माणूस आतून अधिक मधुमेही होईल. मेलबर्नच्या अभ्यासातलं ७१ टक्के परत आलेलं वजन मला म्हणून घाईच्या बाजूचा पुरावा वाटत नाही. परत येणारच असेल, तर जाताना काय घेऊन गेलं हे महत्त्वाचं.

आणि रक्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते, उरलं ते खाते, आणि त्यात सोमवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्र धरते. तिच्या ताटात तूट कधीपासूनची आहे. तिचं वजन वाढलेलं असू शकतं, तरीही लोह आणि प्रथिनं कमीच असतात. दोन्ही गोष्टी एकाच अंगात नांदतात. तिला ‘लक्ष्याच्याही खाली खा’ सांगणं हा मला गुन्हा वाटतो. असं खाल्ल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात, फार झपाट्याने वजन गेलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. लग्नाच्या फोटोत हे दिसत नाही, म्हणून कोणी त्याचा संबंधही लावत नाही. सगळं अंगावर काढलं जातं.

मोबाइलचं लक्ष्य आपल्या डोंगरात आणखी एका ठिकाणी चुकतं. ते बैठं काम गृहीत धरतं. पोलादपूर तालुक्यातल्या वाडीवर राहणारी बाई चैत्रात राब भाजते, पाण्याचा हंडा चढावरून आणते, आषाढात दिवसभर ओणवी राहून लावणी करते. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या स्त्रीची गरज २७२० कॅलरी आहे. माघातली १२०० ची शिस्त तिने लावणीत चालू ठेवली तर रोजची तूट दीड हजारांची होईल. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने साधारण १५७० कॅलरींवर ठेवलं होतं आणि चालायलाही लावलं होतं. वजन चौथ्या हिश्शाने घटलं. त्याबरोबर अंगात थंडी भरून राहिली, काम करण्याची इच्छा गेली, मनात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं, आणि बंधन उठल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. ते मुळात सडपातळ होते, तेव्हा हा दाखला स्थूल माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. सडपातळ असून आणखी बारीक व्हायला निघालेल्या आपल्या मुलींना मात्र तो लागू पडतो.

२०१८ च्या सुमारास घरोघरी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदा जेवण की ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी खाणं, असा वाद रंगला होता. पंगतीत भावाभावांची जुंपायची. दोघांचे मार्ग उलट असले तरी एक गोष्ट दोघांच्याही अनुयायांनी सोडून दिली होती, ती म्हणजे कॅलरी मोजणं. दोन्हीकडे माणसं पोटभर जेवत होती. त्यातल्या कोणाच्याही दाव्यांची बाजू मी इथे घेत नाही. पण पोटभर जेवूनही वजन उतरवण्याची इच्छा एवढ्या मराठी माणसांना होती, हे विसरू नये. आपल्याकडे त्याची सामग्रीही आहे. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं आहेत. नाचणीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम आहे. सुकट-बोंबील तर प्रथिनांचेच. एक भाकरी कमी करून कुळथाच्या पिठीची वाटी वाढवली तर कॅलरी फारशा वाढत नाहीत आणि भूक दुपारी चारला परत येत नाही.

माझा कौल असा. लक्ष्य एकदा नीट ठरवावं, आपलं काम आणि हंगाम पाहून ठरवावं, आणि ते गाठावं. त्याच्या खाली जाऊ नये. वजन हलत नसेल तर आधी मोजणी तपासावी, तेलाचा चमचा मोजावा, पानावर प्रथिनं वाढवावीत, पायांनी चालावं. वजन फार जास्त असेल, मधुमेह नवा असेल आणि लवकर उतरवण्यात खरा लाभ असेल, तर खालचा आकडाही चालेल, पण ठरावीक आठवड्यांपुरता, रक्त तपासून, डॉक्टरांच्या नजरेखाली. डोंगरातल्या वाडीवरून दर पंधरवड्याला महाडला तपासणीला येणं म्हणजे एक रोज बुडवणं, हे मला ठाऊक आहे. ज्याला ते जमणार नाही त्याने आठवड्याला अर्धा किलोवर समाधान मानावं. आठ आठवड्यांत चार किलो जातात, आणि तेवढ्याने लग्नाचं पोलकं नीट बसतं.

आमच्या मुलीचं हिमोग्लोबिन त्या दिवशी साडेआठ निघालं. लग्न पार पडलं, ती आता बरी आहे, लोहाच्या गोळ्या मात्र पुढे कित्येक महिने चालू राहिल्या. तुमच्या घरात कोणी असं खात असेल तर रागावू नका, शेजारी बसून त्यांचं ताट पाहा आणि एकदा रक्त तपासून घ्या. आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्या कोणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण अर्ध्यावर आणू नये. साखर एकदम खाली गेली तर रात्री-अपरात्री डोंगरातल्या वाडीवरून दवाखाना गाठेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.