मशीन आलं, पण शीण का गेला नाही?

खर्ड्यातल्या आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. वर्षभरापासून त्यांच्या उशाशी श्वासाचं मशीन असतं. त्याला सीपॅप म्हणतात. पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मुलाने हप्त्यावर घेऊन दिलं. परवा मावशी मला म्हणाल्या, "बाई, एवढा पैसा घातला या नळीत, पण अंगातला शीण काय जाईना." सून म्हणते, हा आळस आहे. शेजारी म्हणतात, मशीनच बोगस आहे.

बंधू-भगिनींनो, मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं आहे. तुम्हाला सांगते, दोघांचंही चुकतंय. मशीन घरात आलं म्हणजे उपचार संपला, असं आपण धरून चालतो. घात तिथेच होतो.

आधी आजार समजून घ्या. झोपेत घसा ढिला पडतो, श्वासाची वाट बंद होते आणि श्वास दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला दचकून जागं करतो. असं तासाला ३० किंवा जास्त वेळा झालं तर आजार तीव्र समजतात. माणूस रात्रभर अंथरुणात असतो, पण झोपलेला नसतो. पुरुषांचं घोरणं घरभर ऐकू येतं. बायकांमध्ये बऱ्याचदा नुसता थकवा आणि सकाळची डोकेदुखी दिसते, म्हणून त्यांचा आजार लवकर सापडत नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवण्याची ही पद्धत मांडली. मशीनचं काम तेवढंच. ते अंगात रक्त भरत नाही.

मी मावशींच्या घरी जाऊन बसले. मशीनच्या पडद्यावर वापराचे तास दिसतात. रात्रीला सरासरी तीन तास! लाईट गेली की मशीन बंद, मग मावशी मुखवटा काढून ठेवायच्या. झोपताना तोंडाला खोबरेल लावायच्या, त्यामुळे मुखवटा सरकायचा आणि हवा बाहेर फुसफुसायची. मशीन ट्रंकेवर आणि मावशी खाली सतरंजीवर, म्हणून पाणी नळीत उतरून गुडगुडायचं. मशीन विकणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पैसे घेतले, बटण दाखवलं आणि गेला.

मग रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. एवढ्या कमी रक्तावर कोणतंही मशीन शीण घालवू शकत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. मावशींनी उमेदीची वर्षं ऊसतोडीत काढली. पहाटे तीनला उठायचं, मोळ्या वाहायच्या आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं. तो हिशेब शरीरात लिहिलेला असतो.

म्हणून ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी एवढं बघा. मशीन रोज, झोपेचा पूर्ण वेळ लावा, दुपारच्या झोपेलाही. तोंड धुऊन, तेल न लावता मुखवटा घाला आणि तो रोज साबणाच्या पाण्याने धुवा. मशीन डोक्यापेक्षा खाली ठेवा. चुलीच्या धुराने जाळी लवकर भरते, ती बघत जा. इन्व्हर्टर असेल तर पाणी तापवायची सोय बंद ठेवा, वीज कमी लागते. मशीनवर श्वास अडखळण्याचा आकडा तासाला साधारण ५ च्या आत हवा. जास्त असेल तर दाब किंवा मुखवटा बदलावा लागेल, डॉक्टरांना दाखवा. सगळं नीट असूनही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२ तपासा. झोपेच्या गोळ्या आणि दारू श्वास आणखी अडवतात. मनाची उदासीही थकवा आणते. काहींना सगळं बरोबर असूनही दिवसा झोप येत राहते. तेही खरं दुखणं आहे, त्यावर औषधं आहेत. पण मशीन स्वतःहून बंद करू नका. डोळ्यावर झापड असेल तर ट्रॅक्टर आणि मोटारसायकल चालवू नका.

आता मोठी गोष्ट. आपल्या जामखेड तालुक्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अक्षरओळख नसलेल्या, कित्येक दलित वस्त्यांतल्या बायका तिथे आरोग्य सेविका झाल्या. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग ओळखला, घरोघरी जाऊन औषध घेतलं का ते विचारलं. जग ते बघायला जामखेडला आलं. औषध देणं आणि नंतर विचारपूस करणं मिळून उपचार होतो, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे. मग मशीनवाल्या पेशंटला वाऱ्यावर का सोडायचं? प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस अशा पेशंटचं मशीन आणि रक्त तपासावं. आशाताईंना मशीनचा पडदा वाचायला शिकवावं. ही मागणी आपण ग्रामसभेत लेखी मांडू या.

आणि घरच्यांना एक विनंती. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आपल्या माणसांना दुसऱ्यांनी आळशी म्हटलं. तो शब्द आपण आपल्या आईला लावू नये. मावशी आता रक्तवाढीच्या गोळ्या घेतात, रात्री सहा तास मशीन लावतात. शीण अजून पुरता गेलेला नाही. पण परवा त्या म्हणाल्या, "सून आता मला उठवत नाही, म्हणते पडा थोडं." औषधाइतकंच तेही लागतं.