नऊ महिने कोणाची वाट पाहत नाहीत

सभेनिमित्त तालुक्यातील एका खेड्यात गेलो असता ज्या घरी आमचे जेवण झाले, त्या घरच्या सुनेला सातवा महिना लागला होता. बोलता बोलता कोनाड्यात ठेवलेल्या लाल गोळ्यांच्या पट्ट्यांकडे लक्ष गेले. एक पट्टी अर्धवट फोडलेली, बाकीच्या तशाच. सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस घेतल्या तिनं. मग परसाकडं काळं व्हाया लागलं. पोटातल्या जिवाला काही व्हाया नको म्हणून बंद केल्या." सून चंदगडकडची. कानडीचा गंध नाही. गोळ्या देणाऱ्या नर्सबाईंनी सांगायचे ते सांगितले असेलही, परंतु जे सांगितले ते कानडीत; आणि हातात दिलेले कार्ड, तेही कानडीत. सुनेने ते जपून ठेवले होते, लग्नपत्रिका जपून ठेवावी तसे. वाचता मात्र एक ओळ येत नव्हती.

रक्तवाढीच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळले तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. एवढी दोन वाक्ये. ती तिच्या भाषेत कोणी तिच्या कानावर घातली असती, तर त्या पट्ट्या कोनाड्यात राहिल्या नसत्या. सीमाप्रश्न म्हणजे नकाशावरची रेघ, असे दिल्लीत बसून समजणाऱ्यांना आम्ही तो कोनाडा दाखवू इच्छितो.

आणि ही गोष्ट किरकोळ नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. निम्म्याहून अधिक! गरोदरपणी रक्तातील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय. ७ च्या खाली गेले की प्रसंग जिवावरचा. अशी स्त्री बाळंत होताना, एरवी जो रक्तस्राव दुसरी सोसून जाईल, तोच तिचा घात करतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा शासनाचा नियम आहे. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती विनामूल्य मिळते. पण गोळी मिळणे आणि गोळी पोटात जाणे यांच्या मधली वाट शब्दांची आहे. चहाबरोबर घेतली की लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर चांगले लागते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. या गोष्टी खुणांनी सांगता येत नाहीत. आमच्या खेड्यांत गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेतली जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे अधिक सांगावयास नको.

गोळीच्या आधी ताट. या बाबतीत पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी जवळच्या सहा खेड्यांत केलेले काम प्रत्येक मराठी घरात पोचावे अशा मोलाचे आहे. त्या पाहणीचा २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या गरोदर स्त्रिया हिरव्या पालेभाज्या व फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. आता आमच्या बेळगावची गंमत पाहा. या भागातील भाजीपाला रोज पहाटे गाड्या भरून गोव्याला जातो. पणजी-मडगावच्या स्वयंपाकघरांना आम्ही माठ, मेथी, पालक पुरवितो. आणि ज्या बाईने वाकून त्या जुड्या बांधल्या, ती घरी येऊन भात आणि पातळ आमटीवर भागविते. सर्वांची पाने उठल्यावर, उरले सुरले ते तिचे. ही रीत कोणत्या सरकारने आमच्यावर लादली? कानडी सरकारने नक्कीच नव्हे.

येथे आम्हांला आमच्याच माणसांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. "जास्त खाल्ले तर मूल मोठे होईल आणि बाळंतपण अडेल" म्हणून सातव्या महिन्यानंतर सुनेचे अन्न कमी करणारी सासू मराठीच बोलते. शास्त्र सांगते ते नेमके उलट: चौथ्या महिन्यापासून रोजच्या आहाराहून सुमारे ३५० कॅलरी अधिक हव्यात. म्हणजे फार काही नव्हे. एक भाकरी, वाटीभर घट्ट डाळ वा उसळ आणि थोडे दूध. नाचणी आपली, हुलगे आपले, शेंगा आपल्या, परड्यातला शेवगा आपला. डोहाळजेवणाला पंचपक्वान्नांचा थाट करावयाचा आणि उरलेले दिवस पोटुशीला अर्धपोटी ठेवावयाचे, याला कोणते कौतुक म्हणावे? थाटाला आमचा विरोध नाही. ओटीत नारळाबरोबर एखादा लोखंडी तवा घातला तरी चालेल, असे मात्र आम्हांला गमतीने वाटून जाते.

ज्ञान इथे नव्हते असेही नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबविण्यासाठी मिसोप्रोस्टॉल नावाची तोंडाने घ्यावयाची गोळी उपयोगी पडते काय, याची कसून परीक्षा २००२ ते २००५ या काळात कोठे झाली? बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह ती केली. गोळी देण्याचे काम खेड्यापाड्यांतील प्रसूतिसेविकांनी केले. १६२० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. ज्यांना गोळी दिली नव्हती त्यांच्यात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, गोळी दिलेल्यांत ते ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. शीतपेटी नको, सुई नको, अशी ही गोळी आज दूरदूरच्या देशांत आयांचे प्राण वाचविते, ती या मातीतील स्त्रियांच्या पुण्याईने. त्यांत मराठी किती आणि कानडी किती, हे आम्ही विचारीत नाही. रक्त वाहते तेव्हा ते भाषा विचारीत नाही, आणि मध्यरात्री धावून येणारी नर्सबाईही विचारीत नाही. त्या कानडी भगिनींविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

पण रक्त भाषा विचारीत नसले तरी सूचनेला भाषा लागते. डोके भयंकर दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज, अंगावरून रक्त जाणे, पोटातली हालचाल मंदावणे, पाणी जाणे, झटके, ताप: यांपैकी एकही खूण दिसताच १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. ही यादी कार्डावर असते. ज्या घरात ती वाचता येत नाही, त्या घरात डोकेदुखीवर सुंठ उगाळली जाते आणि सुजेला "बाळसं धरलं" म्हटले जाते.

आमची मागणी म्हणून साधी आहे, आणि ती घटनेच्या चौकटीतली आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांना जी अभिवचने देण्यात आली, त्यांत असे होते की जेथे अल्पसंख्य भाषिकांचे प्रमाण १५ टक्के वा त्याहून अधिक असेल तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. या अभिवचनांवर देखरेख करण्यासाठी घटनेत ३५० (ब) हे कलम घातले गेले. मालमत्तेच्या कराची नोटीस महत्त्वाची, आणि गरोदर बाईच्या जिवाची नोटीस महत्त्वाची नव्हे, असे कोणी म्हणेल काय? बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत गरोदर मातेचे कार्ड कानडीबरोबर मराठीतही छापावे. मराठी वस्तीच्या आरोग्यकेंद्रात एक तरी सेविका मराठी समजावून सांगणारी असावी. याने कोणत्या राज्याची सीमा तसूभर हलते?

कोणी म्हणेल, खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल लागू द्या, महाराष्ट्रात गेलो की सारे मराठीतच मिळेल. तो दिवस यावा म्हणून आम्ही आयुष्य वेचीत आहो, आणि वेचीत राहू. परंतु तो दावा २००४ साली दाखल झाला. त्या साली जन्मलेली मुलगी आज स्वतः आई होण्याच्या वयाची झाली आहे. न्यायालयाला तारखा देता येतात. गर्भाला देता येत नाहीत.

याहून एक घातक विचार अलीकडे आमच्या कानांवर येतो, तो असा की कानडी अंगणवाडीची पायरी चढू नये, त्यांचे कार्ड घेऊ नये. हा स्वाभिमान नव्हे, हा शुद्ध अविचार आहे. २०१७ च्या २ ऑक्टोबरपासून कर्नाटकात गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांना अंगणवाडीत शिजविलेले जेवण, दूध, अंडे देण्याची योजना सुरू झाली. ते अन्न आपल्याही करातून शिजते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. सरकारी दवाखान्यातील बाळंतपणाला पैसा पडत नाही. हे सर्व घ्यावे, हक्काने घ्यावे, आणि घेतानाच "आम्हांला मराठीत सांगा" असे म्हणावे. बहिष्कार टाकावयाचा तर पुरुषांनी स्वतःच्या सोयीवर टाकावा, बायकांच्या पोटावर नव्हे.

आणखी एक अडसर आमच्याच संकोचाचा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक मराठीत चालविले, त्यासाठी खटले सोसले. म्हणजे हे विषय मराठीत मांडता येतात हे केव्हाच सिद्ध झाले आहे. आणि आज, इतक्या वर्षांनी, आमच्या मंडळांच्या हळदीकुंकवात दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे अंतर का असावे, ते राखण्याची साधने कोणती, अठराच्या आत मुलीचे लग्न का करू नये, हे बोलावयाचे म्हटले की ताटवाट्यांची चर्चा सुरू होते! या बाबतीत पुरुषांना बाजूला बसवूनही चालणार नाही. तांबी, गोळी, इंजेक्शन, नसबंदी यांचा निर्णय घरात त्याच्याशिवाय होत नाही. मग माहिती तेवढी तिनेच का ऐकावी? आमच्या शाखांच्या बैठकांत एक नोव्हेंबरच्या फेरीचा विषय संपला की दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. हसणारे हसतील.

येत्या ९ तारखेच्या आत या कार्यालयातून मराठीत एक पत्रक निघेल. त्यात वर दिलेल्या खुणा, गोळ्यांचे नियम आणि आहाराची माहिती मोठ्या अक्षरांत असेल. मजकूर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला जाईल. छपाईचा भार आम्ही उचलू. प्रत्येक गावच्या महिला मंडळाने आपल्या गावात आज किती स्त्रिया गरोदर आहेत तेवढा आकडा, नावे नव्हेत, आम्हांला कळवावा. तितक्या प्रती पाठविल्या जातील. ज्या घरी वाचणारे कोणी नसेल, तेथे मंडळाच्या बाईने बसून ते वाचून दाखवावे, आणि सासूबाई घरात असतील अशाच वेळी जावे.