आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

पाऊस लागला की ‘गाडी मिसिंग करतेय’ ही तक्रार वाढते आणि तिच्यावर ठरलेला उपाय पुढे येतो: प्लग, वायर, कॉइल, सगळा सेट बदलून टाका. हा सल्ला इतका ठासून दिला जातो, की त्याविरुद्ध लिहिणं भाग आहे. कार्बोरेटरवाली मारुती 800 घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर. एक थंडावला की तिसरा हिस्सा ताकद गेली. चालू इंजिनवर रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून वायरचं टोक बॉडीला टेकवलं, तर दोन सिलिंडरना इंजिनाचा आवाज पडतो. ज्याला काहीच फरक पडत नाही, तो आजारी. आता त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. मिसिंग प्लगबरोबर गेलं, तर दोष प्लगचा. जागेवरच राहिलं, तर वायर तशीच हलवा. तीही निर्दोष निघाली, तर कॉम्प्रेशन मोजा, कारण जळालेला व्हॉल्व्ह नव्या कॉइलने बरा होत नाही. सेट बदलून गाडी सुधारली, तरी ती कशाने सुधारली हे कुणालाच कळत नाही. ओलसर डिस्ट्रिब्युटर कॅप तर नुसती कोरडी पुसूनही पुष्कळदा भागतं.

यावर म्हणतात, मजुरीपेक्षा प्लग स्वस्त. खरं आहे, बदला. पण काढलेला प्लग फेकू नका. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट टोक म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील, पांढरंफटक म्हणजे मिश्रण पातळ. स्कॅनरचं म्हणाल, तर एमपीएफआय गाडीत वायर काढायची गरज नाही, तिथे स्कॅनर हवाच. पण पी0301 हा कोड पहिला सिलिंडर चुकतोय एवढंच सांगतो. का चुकतोय, ते अदलाबदलच सांगते.

आणि इथेनॉल. 20 टक्के मिश्रणात ऑक्सिजन जास्त येतो. सेन्सरवाली गाडी पेट्रोल वाढवून घेते, कार्बोरेटरचा जेट मात्र तेवढाच राहतो. जुन्या गाड्यांच्या झटक्यांत त्याचा वाटा गॅरेजवाले मानतात त्याहून मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणतो. पातळ मिश्रणाचं मिसिंग सहसा एकाच सिलिंडरला धरून बसत नाही, म्हणून इथेही पहिली चाचणी तीच. फिटरला सांगा, प्लग काढल्यावर सिलिंडरच्या क्रमाने ओळीत मांडून ठेव. नवा पार्ट आणायच्या आधी ते बघायला जा.