विश्लेषण : मुंबई बेटाच्या सागरी कमांडोंची सज्जता किती? खोल समुद्रात दरारा, पण किनाऱ्यालगत काय?

मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या ‘मार्कोस’ कमांडोंनी सोमाली चाच्यांच्या ताब्यातील ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवले. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर झालेल्या या कारवाईत ३५ चाचे शरण आले. त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. त्याआधी महिनाभरच, फेब्रुवारीत, कुवेतहून निघालेली एक बोट थेट मुंबईजवळ पोहोचली आणि तेव्हा कुठे पोलिसांनी ती अडवली. बोटीत मालकाच्या जाचाला कंटाळून पळालेले तमिळनाडूचे तीन मच्छीमार होते. कोणताही घातपात नव्हता, पण प्रश्न उरलाच. इतक्या दूर मारा करणारे दल असताना दारातली बोट वेळेत का दिसत नाही?

‘मार्कोस’ म्हणजे नेमके काय?

अमेरिका किंवा तैवानकडे ‘मरीन कोअर’ नावाचे मोठे दल आहे. समुद्रातून किनाऱ्यावर उतरणे, बेटे राखणे ही त्यांची कामे. भारतात असे स्वतंत्र दल नाही. मोठ्या संख्येने सैन्य किनाऱ्यावर उतरवायचे झाल्यास ते काम लष्कराच्या तुकड्या नौदलाच्या जहाजांतून करतात. ‘मार्कोस’ हे त्याहून वेगळे, छोटे आणि निवडक दल आहे. त्याची उभारणी १९८७ मध्ये झाली. ओलिसांची सुटका, जहाजावर चढून ताबा घेणे, पाण्याखालून हल्ला ही त्याची खासियत. सात बेटांवर वसलेल्या मुंबईजवळ ‘आयएनएस अभिमन्यू’ हा त्याचा प्रमुख तळ आहे.

प्रशिक्षण आणि सामग्री कशी?

नौदलातून स्वेच्छेने येणाऱ्यांचीच निवड होते आणि बहुतेक जण सुरुवातीच्या चाचण्यांतच गळतात. टिकलेल्यांना आग्रा येथे हवाई छत्रीने उडी मारण्याचे, तर कोचीत पाणबुड्याचे प्रशिक्षण मिळते. ‘रुएन’ कारवाईत या सगळ्याचा कस लागला. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून कमांडो आणि त्यांच्या रबरी बोटी भर समुद्रात उतरवण्यात आल्या. ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका, टेहळणी विमान आणि ड्रोन साथीला होते. सुमारे ४० तासांनी जहाजावरील १७ कर्मचारी सुखरूप सुटले.

उणीव मोठ्या जहाजांची आहे. सैन्य आणि वाहने किनाऱ्यावर उतरवणारे नौदलाचे सर्वांत मोठे जहाज ‘आयएनएस जलाश्व’ हे २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेले जुने जहाज आहे. अशी नवी जहाजे घेण्याची प्रक्रिया अनेक वर्षे रखडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने त्यांना प्राथमिक मंजुरी दिली. मात्र मंजुरीपासून जहाज पाण्यात उतरेपर्यंत बराच काळ जातो.

२६/११ ने काय शिकवले?

मुंबईवर समुद्रातून दोनदा घाला आला. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यांवर उतरले. त्या स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. २००८ मध्ये दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी बोट बळकावून आले, रबरी बोटीने कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले आणि १६६ जणांचे प्राण गेले. विशेष दलांपैकी ‘मार्कोस’च ‘ताज’मध्ये प्रथम पोहोचले, पण मध्यरात्र उलटून गेल्यावर. दोन्ही वेळा शत्रू आला तो लहान बोटीतून आणि कमांडोंची गरज पडली तोवर तो किनाऱ्यावर पोहोचला होता.

त्यानंतर काय बदलले?

२००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. १,००० जवान आणि ८० वेगवान नौकांचे ‘सागर प्रहरी बल’ मंजूर झाले. मुंबईत संयुक्त नियंत्रण कक्ष उभा राहिला, ‘एनएसजी’चे केंद्र आले. किनाऱ्यालगत सागरी पोलीस, त्यापुढे तटरक्षक दल आणि खोल समुद्रात नौदल अशी तीन कडी ठरली.

तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-४७ रायफली असलेली रिकामी बोट लागली. ती जूनमध्ये मस्कतहून निघालेली, इंजिन बिघडल्याने सोडून दिलेली नौका असल्याचे तपासात समोर आले. म्हणजे कुणीही चालवत नसलेली बोट आठवडेच्या आठवडे वाहत आली आणि तिन्ही कडी ओलांडून वाळूवर टेकली.

मेहकरला याचे काय?

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरला समुद्र नाही, पण समृद्धी महामार्गाने मुंबईची वाट जवळ केली आहे. खरिपात सोयाबीनला लागणाऱ्या डीएपीचा मोठा हिस्सा आणि सगळे पोटॅश परदेशातून येते. सूर्यफूल तेल काळ्या समुद्राकडून सुएझमार्गे येते. २०२३ च्या अखेरीस हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि मालवाहतुकीचा खर्च वाढला. असा खर्च अखेरीस खताच्या गोणीत आणि तेलाच्या डब्यात उतरतो. त्यामुळे खोल समुद्रातली ‘मार्कोस’ची गस्त आणि मुंबईचे बंदर, दोन्ही विदर्भाच्या हिशेबात येतात.

पुढे काय?

मोठ्या जहाजांना ओळख सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे. अडचण आहे ती हजारो लहान मासेमारी बोटींची. त्यातली आपली कोणती आणि परकी कोणती, हे रडारवरील ठिपक्यावरून कळत नाही. यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून देशभरातील एक लाख बोटींवर ‘इस्रो’ने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वादळाची सूचना बोटीला मिळते आणि बोटीचा ठावठिकाणा किनाऱ्याला, असा दुहेरी उपयोग त्यात आहे.

‘मार्कोस’च्या क्षमतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण कमांडो हा शेवटचा उपाय असतो. पहिले काम बोट ओळखण्याचे आहे आणि ते ट्रान्सपॉन्डर, चालू स्थितीतल्या गस्ती नौका, पुरेसे सागरी पोलीस आणि अनोळखी होडी दिसताच कळवणारा कोळी बांधव यांच्यावर अवलंबून आहे. २००८ मध्ये हीच कडी निसटली होती. नव्या युद्धनौकेइतकेच लक्ष तिच्याकडे दिले, तरच कमांडोंना शहरात उतरण्याची वेळ पुन्हा येणार नाही.